गगनबावड्याहून परत आलेली डबी

सोमवार, ७ जुलै २००८

शिवलीला, वाचायला बसण्याआधी चष्मा शोधत फिरू नकोस, तो तुझ्या डोक्यावर आहे. मागच्या पंचमीला माहेरी येताना थोरल्या पोराला गडहिंग्लजच्या स्टँडवर भजी खात बसवून तू एकटीच गाडीत चढलीस, आणि अर्ध्या वाटेत तुला आठवण झाली ती पोराची नव्हे, पोराच्या मांडीवरच्या पिशवीची. अशा लेकीला फोनवर काही सांगण्यात अर्थ नाही. म्हणून इथलं थोडं थोडं लिहून ठेवते आणि गठ्ठाच पाठवते. विसरलीस तर परत वाच.

लिहिते म्हणजे सांगते. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. समोरच्या तानाबाई बालवाडीतून रिटायर झाल्यात, दुपारच्या चहाला येतात, त्यांच्यापुढं वही टाकली. बाई शिस्तीच्या. मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहितात. आपल्याकडं बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तेही बाईंना चालत नाही. त्या मला 'जाते-येते' करून टाकतात. तेव्हा तुझी आई एकदम शिकलेली वाटली तर घाबरू नकोस. तारीखही त्यांचीच. माझ्या लेखी हा आखाडातला सोमवार.

तर परवा कोल्हापूरला पोचले. तुझा भाऊ राजशेखर न्यायला आला होता. पोट सुटलंय त्याचं. मी विचारलं, सहावा महिना तुझ्या बायकोला की तुला? सगळ्या स्टँडला ऐकू गेलं म्हणून रुसला. गाडीवर मागं बसवून फुलेवाडीला आणलं. घर गगनबावड्याच्या रस्त्याला, अजून रंगाचा वास जायचाय. खाली दुकान, दुकानामागं माझी खोली, वरच्या मजल्यावर ती दोघं, आणि गच्चीवर लोखंडी खांबाला पांढऱ्या ताटल्या टांगलेल्या, जत्रेतल्या दुकानासारख्या.

सुनेला, वर्षाराणीला, डॉक्टरनं जिना बंद केलाय, म्हणून मीच वर गेले. पाया पडायला वाकू नको म्हटलं तरी वाकली. पोर पांढरी पडलीय. दोनदा कूस रिकामी झाली, हे तिसरं. मी पोटावर हात ठेवला तर आतून लाथ बसली, अशी की मी हात मागं घेतला. गावात मी एवढ्या बायांना बाळंतपणात सोडवलं, पण हे एक बाळ धडधाकट माझ्या हातात आलं पाहिजे. त्याचसाठी आलेय. रंकाळा बघायला नव्हे.

खोली छान आहे. खिडकी बोळात उघडते, समोर तानाबाईंचं दार. एका भिंतीला राजशेखरच्या सामानाची फळी आहे तेवढी अडचण. जेवले, पसरले, झोप लागली.


बुधवार, ९ जुलै

राजशेखर इंटरनेट विकतो. म्हणजे नेमकं काय विकतो हे मी विचारतेय आणि तो चिडतोय. वारा विकतोस का म्हटलं तर ताटावरून उठला.

शेवटी कृष्णातनं समजावलं. कृष्णात त्याचा वायरमन, चाळिशीचा, छपरांवर चढून चढून गुडघे गेलेला. गिऱ्हाइकाच्या गच्चीवर एक ताटली, तिचं तोंड जोतिबाच्या डोंगरावरच्या टॉवरकडं. ताटलीतून एक वायर खाली खोलीत येते. खोलीत काळी डबी, साबणाच्या वडीएवढी. डबी भिंतीतली वीज घेते आणि त्या वायरीतून वर ताटलीला पाजते. त्याच वायरीतून ताटली इंटरनेट खाली सोडते. पुढं राउटर म्हणून दिव्यांची पेटी, ती घरभर वाटते. मी म्हटलं, मग नाळच की ही. खाणंही तिच्यातून, खबरही तिच्यातून. तानाबाई हसल्या. कृष्णातनं तोंड वाकडं केलं, म्हणाला, आज्जी, मला ह्याच्यावर हात घालायचा असतो, असलं काय बोलू नका.

पण घाण किती या धंद्यात! बिघडलेल्या डब्या परत येतात त्या माझ्या फळीवर. कृष्णात एकेक उघडतो आणि मी नाकाला पदर लावून बघते, कारण न बघता राहवत नाही. एकीत पाल, वाळून पापडासारखी, पण शेपूट अजून तारेला चिकटलेलं. एकीत मुंग्या, त्यांची अंडी अक्षता टाकल्यासारखी. झुरळांच्या लेंड्या. एका वायरीचं टोक हिरवं आणि बुळबुळीत. बोट लावलं, तर बोटाला वास राहिला तो लिंबानंही गेला नाही.

राजशेखरची पंचाईत अशी की पुण्याहून डब्या दोन तऱ्हेच्या येतात. एकीला बाजूला फटी असतात, ती गार राहते पण आत किडा शिरतो. दुसरी बंद, तिच्यात किडा नाही, पण तापून आतल्या आत उकडून मरते. गगनबावड्यासारख्या पाऊसवेड्या जागी बंदच डबी द्यायला पाहिजे होती असं कृष्णातचं म्हणणं. राजशेखर म्हणतो, तिथलं व्होल्टेज असं उठतं-पडतं की बंद डबी टिकतच नाही. त्यानं फटीची दिली. आणि वायर आत घेताना खाली एक झोळ सोडायचा असतो म्हणे, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या बुडाशी ठिबकून जातं. झोळ नसला तर पाणी वायरीच्या अंगातून सरळ डबीत. कृष्णातनं हे सांगता सांगता मध्येच विषय सोडला आणि चहा मागितला.


शनिवार, १२ जुलै

आज गगनबावड्याच्या लॉजचे मालक हंबीरराव आले. एवढ्या पावसात, एवढ्या लांबून, एक डबी परत द्यायला. डबी टॉवेलात गुंडाळलेली, टॉवेल पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती दुसरी त्यांनी हात लांब करून धरलेली, मेलेला उंदीर धरतात तशी.

मी म्हटलं, या पावणं, चहा घ्या. परत म्हटलं. कोल्हापुरात माणूस भांडायला आला तरी चहा घेऊन भांडतो. पण हे उंबऱ्याच्या आत पाय टाकायला तयार नाहीत. राजशेखरनं विचारलं, बंद पडली का? नाही म्हणाले, चालते. मग तक्रार काय? तर म्हणाले, लाइट गेली तरी चालते. राजशेखर हसला, म्हणाला, मालक, असली सापडली तर मला आणखी शंभर द्या. हंबीरराव हसले नाहीत. बदली डबीही नको म्हणाले, ताटलीही काढून घेऊन जा म्हणाले. जाताना हात पँटीला पुसत होते, गाडीत बसेपर्यंत पुसत होते.

राजशेखरनं मीटर लावून बघितलं. चोवीस व्होल्ट, बरोब्बर. काही दोष नाही. तरी चार दिवस चालवून बघू म्हणून माझ्या फळीवर ठेवली आणि आमच्याच गच्चीवरच्या ताटलीची वायर तिला जोडली. ती वायर वरून येते ती वर्षाराणीच्या पलंगामागच्या भिंतीतून, मग स्लॅबच्या भोकातून माझ्या खोलीत.

रात्रीचा दिवा लावताना माझा हात लागला. गरम होती. विजेची डबी गरमच असणार. पण ही ऊब तशी नव्हती. गाईच्या आचळाला हात लावल्यासारखी होती, आणि हात काढताना चिकटला. पदराला पुसला. मग पदर धुवायला टाकला.


मंगळवार, १५ जुलै

दुपारी लोडशेडिंग. पंखा मेला, दुकानातले दिवे मेले, राउटरच्या पेटीवरची सगळी लुकलुक मेली. ही एक डबी जिवंत. बारीक हिरवा दिवा, मंद, डोळे मिटता मिटता राहिल्यासारखा.

राजशेखर म्हणाला, इन्व्हर्टर. कृष्णात म्हणाला, या फळीला इन्व्हर्टरची लाइन नाही. मी पिन भिंतीतून उपटली. दिवा तसाच. राजशेखर म्हणाला, अव्वा, वरच्या ताटलीतून करंट उलटा येत असेल. कृष्णातनं पिन उचलून बघितली. ताटलीला स्वतःची वीज नसते, हे आता मलाही कळतं.

आणि वास. आधी वाटलं उंदीर मेलाय. फळी काढून झाडली. मग एकदम ओळखला. बाळंतिणीची वार पडल्यावर खोलीत वास असतो, गोडसर, लोखंडासारखा, ओला. तो. आणि ती वार वेळेवर पुरली नाही तर दुसऱ्या दिवशी जो येतो, तो. तानाबाई हे लिहायला नको म्हणतायत, त्यांना चहा जाईना. लिहा बाई. तुम्ही नाक धरा आणि लिहा.

डबीच्या फटीतून एक थेंब आला होता. पाणी नव्हे. शेंबडासारखा, खाली लोंबला तरी तुटेना.

मग मी जेवायला बसले. भाकरी, पिठलं, खरडा. पहिला घास मोडला आणि फळीवरून आवाज आला, दाराशी आलेला माणूस आत येण्याआधी घसा खाकरतो तसा. तुला माझं तोंड माहीत आहे. जेवताना दाराशी कुणी आलं की मान वर न करता आपण म्हणतोच. मी म्हटलं, "या जेवाय."

हे आमंत्रण खरं कोण धरतं? समोरचा "चालू दे" म्हणतो आणि पुढं जातो, झालं. इतकी वर्षं म्हणत आले, एकही माणूस येऊन बसला नाही.

कुणी 'चालू दे' म्हणालं नाही. खाकरणं थांबलं तेवढं.


शुक्रवार, १८ जुलै

सांगायला नको वाटतंय, पण सांगते.

जेवण अर्ध्यात होतं, वर्षाराणीनं वरून फरशीवर वाटी आपटली. ती हाक मारायची तिची रीत. ताट झाकून वर गेले. पायात गोळे आले होते तिच्या, तेल चोळून दिलं. बाळ मजेत. लाथा मारतंय. आत्ती, हा फुटबॉलवाला होणार, म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे, पण स्टेडियमवरच्या पोरांसारखी शिवी देऊ नये म्हणजे झालं.

खाली आले तर ताट स्वच्छ. मला वाटलं, मीच जेवून उठले होते. विसरण्यात लेकीवर गेले म्हटलं. आता आपल्यात ताट तसंच सरकवत नाहीत, तुला माहीत आहे. पाणी घातलं, बोटानं फिरवलं, प्याले.

तोंडात गेल्यावर कळलं. पाणी घट्ट होतं. कोमट होतं. जिभेवर एक साय बसली आणि मी थुंकायच्या आत ती स्वतःच घशाखाली गेली, शिवलीला. मी गिळलं नाही. ती गेली.

मग बघितलं. खरड्याचा गोळा ताटाखाली फरशीवर पडलेला, बाहेर टाकलेला. फळीच्या खाली भाकरीचा लगदा, चोखून फेकलेला, दात न लावता. आणि ताटापासून फळीपर्यंत फरशीवर चकाकती रेघ, गोगलगाय गेल्यासारखी.

बोळात जाऊन ओकले. नुसती लाळ आली, लांब, तुटेना. बेंबीखाली काहीतरी गरम बसलंय. तापाचं नव्हे.


सोमवार, २१ जुलै

राजशेखर आज बिद्रीला गेला, वर्षाराणीच्या माहेरी. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात. जावयानं सासऱ्याच्या गच्चीवरही ताटली बसवायला घेतलीय. तो नाही बघून मी कृष्णातला म्हटलं, उघड.

स्क्रू निघाले. झाकण निघेना. ओढलं तर ताणलं गेलं, दुधावरची साय ताणते तसं. आत तारा नव्हत्या. हिरवी पट्टी असते ती नव्हती. पांढरट गुलाबी काहीतरी होतं, शिरांचं, ओलं, डबी भरून. तो हिरवा दिवा त्याच्या कातडीखाली होता. आणि ते हळू वर-खाली होत होतं. वायर जोडलेली नव्हतीच. ती त्यातच उगवलेली.

कृष्णातनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं. ते टोकाभोवती मिटलं आणि चोखायला लागलं. आवाज येत होता. मी तो आवाज हजारदा ऐकलाय, पहिल्यांदा अंगावर घेतलेल्या लेकराचा. कृष्णात सगळं टाकून बोळात पळाला, गटारीवर वाकला.

मग तानाबाईंच्या पायरीवर बसून त्यानं पोटातलं सांगितलं. लॉजवर ती डबी त्यानंच बसवली होती, हंबीररावांच्या आईच्या खोलीत. पाऊस धोधो, घाई, झोळ सोडलाच नाही. जूनमध्ये बघायला गेला तर म्हातारीनं डबी गोधडीत घेतलेली, पोटाशी. देईना. चावून काही खात नव्हती, नुसतं प्यायची. हातपाय रिकाम्या पोत्यासारखे, पोट तेवढं वर. पंधरवड्यात गेली. डबी गोधडीत गरमच होती.

मी विचारलं, कशानं मेली म्हणाले? तो म्हणाला, वयानं.

ताटातलं ते पाणी प्याले तेव्हापासून भाकरी तोंडात धरते आणि काढून टाकते. खाली उतरत नाही.


बुधवार, २३ जुलै

तानाबाई आत येत न्हाईत. खिडकीबाहेर बसून लिवत्यात. सुधारायचं बी सोडलंय त्यांनी. खिडकीतनं ऐकून लिवायचं, त्यात 'आहे' कुठलं बसवायचं.

सकाळी विळ्यानं वायर कापली. कापताना हाताला लागलं, कवळं हाड कापावं तसं. आतनं पांढरं आलं, घट्ट, पिवळट, म्हशीच्या चिकासारखं. हातावर, पदरावर, भिंतीवर. डबी गार पडली. दिवा गेला. वाटलं सुटलो.

वरचं टोक बघाय गेलो तर भोकात टोकच न्हाय. वर ओढून घेतलेलं.

सांजच्याला वर्षाराणी म्हणली, आत्ती, पलंगामागची भिंत गरम लागती. मी म्हटलं, त्रास हुतोय का गं? तर म्हणली, न्हाय, पाठीला बरं वाटतंय.

बरं वाटतंय म्हणली, शिवलीला.


शुक्रवार, २५ जुलै

राजशेखरला सगळं सांगितलं. म्हणला, अव्वा, भिंतीत ओल हाय, पाऊस सरला की वायर बदलतो. तू जरा नीट जेव म्हणला, तोंड बघ आरशात. मी म्हटलं, तिला खाली घे. डॉक्टरनं हलवाय नगो म्हटलंय म्हणला. ओरडलो त्याच्यावर. त्यो बी ओरडला.

वर्षाराणीनं आज भाकरी परत पाठवली. दूध मागितलं, नुसतं दूध. सकाळपासनं बाळ हललं न्हाय. हात ठेवला— गार. दगड ठेवलाय आत असं गार. आणि तिची पाठ घामानं डबडबलेली, भिंतीला लागून.

उशी सारली. वायरीचं टोक भिंतीतनं बाहेर आलंय. मऊ, ओलं, कडा फिरलेल्या, ओठासारख्या. तिच्या कंबरंला लागलेलं.

धरलं. मुठीत वळवळलं. ओढलं तर ती झोपेत कण्हली, तिच्यातनंच कायतरी निघतंय असं. सोडावं लागलं.

तिथंच फरशीवर बसलो. तिच्या पेल्यातलं उरलेलं दूध वाटीत घेतलं, पुढ्यात ठेवलं. किळसेनं दात दातावर बसंनात. पण म्हटलं. हात जोडून म्हटलं, चला, खाली चला. ती पोर हाय, तिच्यात काय बी न्हाय. मी हाय की. या जेवाय.


शनिवार, २६ जुलै

आलं.

फळीवर दिवा लागलाय. वर बाळ हललं. वर्षाराणी हसती, भाकरी-आमटी मागून खाल्ली. भिंत गार हाय, मी हात लावून बघितला.

माझ्या उशाशी बसतंय.


रविवार, २७ जुलै

राजशेखरला आज भ्या वाटलं. मला बघून वाटलं, डबी बघून न्हवं. डॉक्टरला फोन केला आन् गाडीत गादी घालून वर्षाराणीला आडवी बिद्रीला नेली, माहेरी. जाताना पाया पडायची हुती तिला. मी खोलीचं दार उघडलं न्हाय. बाहेरनंच पड म्हटलं.

गाडी गेली. मी रडलो बरं वाटून. मग कृष्णात खिडकीशी आला. म्हणला, आज्जी, तिथल्या बी ताटलीचं तोंड जोतिबाकडंच हाय. हितली बी तिकडंच बघती. वायर बिद्रीच्या घरात बी गेलीया, माडीवर, ती झोपणार त्या खोलीत. झोळ सोडलाय का रे म्हटलं. राजशेखर मालकांनी स्वतः बसवलीया म्हणला, ठावं न्हाय.

म्हंजे हितं भुकं राहिलं तर त्याच वाटंनं तिच्याकडं जाईल.

खरडा घेत न्हाय. कोल्हापूरचं पावणं आन् तिखट चालत न्हाय. तापवलेलं दूध टाकून देतंय, भिंतीवर. गवळ्याची म्हैस व्याली हुती, तिचा चीक आणवला. कच्चा. त्यो घेतला. सगळा घेतला, मग गप पडलं. चोखताना माझ्याकडं दिवा—

तानाबाई, रडू नगा. लिवा.


सोमवार, २८ जुलै

मांडीवर घेतलंय. फळीवर ठेवलं की खाकरतंय. अंगाला चिकटून बसतंय, काढलं की कातडीचा पापुद्रा निघतोय. माझा का त्याचा, कळंना.

वास आता येत न्हाय मला. तानाबाई म्हणत्यात बोळात उभं ऱ्हावत न्हाय. मला येत न्हाय. ह्येची जास्त किळस वाटती, शिवलीला. माझी मला—

बेंबीखाली हललं. एकदा न्हवं. मी एवढ्या बायांच्या पोटावर हात ठेवलाय, मला फसवता यायचं न्हाय. टाच हाय ती.


मंगळवार, २९ जुलै

तानाबाई छत्रीखाली उभ्या हाईत. लांबनं ऐकू येतंय तेवढं लिवत्यात. त्यांनी आत यायचं न्हाय. कुणीच यायचं न्हाय.

बिद्रीवरनं फोन आला. पोर बरी हाय, बाळ नाचतंय म्हणत्यात. असंच नाचू दे. नववा भरूपतोर हे हितं ऱ्हायलं पायजे. भरल्या पोटानं. माझ्यापशी.

गवळ्याच्या म्हशीला आता चीक न्हाय, दूध उतरलंय. सकाळपासनं उपाशी हाय हे. वायर सारखी उचलती, भोकाकडं वळती. मी पायानं दाबून धरलीया. पाय ओला झालाय—

तुझी म्हैस ह्या आठवड्यात व्यायची हाय. चीक पाठव. पहिल्या धारंचा. तापवू नगो. खरवस करू नगो, गूळ नगो, वेलदोडा नगो. पितळंचं नगो, स्टीलची किटली, तोंडाला फडकं. सकाळच्या गडहिंग्लज गाडीला कंडक्टरपशी दे, तानाबाई स्टँडवरनं घेतील. तू येऊ नगो. भाकरी पाठवू नगो. शेंगाची चटणी नगो. चावायचं काय बी नगो, चावायला आता— ऱ्हाऊ दे.

दोन किटल्या भर. एक ह्येला. दुसरी मला न्हवं, आत जे लाथ मारतंय त्येला, त्यो बी खाकराय लागलाय, शिवलीला, आतनं, म्हणतोय या—